घरच्या मांडवावरची द्राक्षवेल: खड्ड्यापासून घडापर्यंत

नाशिकमध्ये गंगापूर रोड, इंदिरानगर किंवा पंचवटीच्या गल्ल्यांतून फिरताना फाटकावर किंवा जिन्याच्या कठड्यावर चढवलेली द्राक्षवेल बऱ्याच घरांपुढे दिसते. पाला हिरवागार असतो, वेल गच्चीपर्यंत पोहोचलेली असते, पण घड एकही नसतो. असलाच तर ज्वारीएवढ्या आंबट मण्यांचा, भुरी या बुरशीरोगाने पांढरा पडलेला. दिंडोरी आणि निफाड तालुक्यांत घडांनी लगडलेल्या बागा असताना आपल्याच वेलीला काय झाले, हे घरच्यांना कळत नाही. मग ते खत वाढवतात, रोज पाणी घालतात आणि वेल आणखी माजते.

या दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा छाटणीत असते. थंड देशांत हिवाळ्यात वेलीची पाने गळतात, वेल झोपी जाते आणि वसंतात आपोआप जागी होते. तिथे वर्षातून एक छाटणी पुरते. निफाडला थंडीत पारा कधी कधी पाच अंशांखाली उतरत असला, तरी तेवढी थंडी वेलीला पूर्ण विश्रांती देण्याइतकी लांबत नाही. आपल्याकडे वेल बारा महिने पाला धरून राहू शकते. म्हणून महाराष्ट्रातल्या बागायतदारांनी दोन छाटण्या आणि एक पीक अशी पद्धत बसवली. एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी; या दुसरीला फळछाटणी असेही म्हणतात. घरी वेल लावणाऱ्यांपैकी काहींना ऑक्टोबरची छाटणी ऐकून ठाऊक असते, पण एप्रिलची फारच थोडे जण करतात. वास्तविक पुढच्या हंगामाचा घड एप्रिल छाटणीनंतर नव्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे पेऱ्यावरच्या अंकुरात, तयार होतो आणि ऑक्टोबरची छाटणी त्याला फक्त बाहेर काढते. डोळ्यात जे नाही, ते कोणतेही खत नंतर आणू शकत नाही. पुढचे सगळे मार्गदर्शन याच एका गोष्टीभोवती बांधलेले आहे.

जागा आणि खड्डा

वेलीला दिवसातून किमान सहा ते आठ तास थेट ऊन लागते. इमारतीच्या उत्तरेकडची सावलीची पट्टी किंवा आंब्याखालची जागा यासाठी निरुपयोगी आहे, कारण सावलीतल्या डोळ्यात घड धरत नाही आणि सावलीतच भुरी फोफावते. घराच्या दक्षिण किंवा पूर्व बाजूला, भिंतीपासून निदान तीन फूट अंतरावर जागा निवडावी.

खड्डा अडीच फूट लांब, तितकाच रुंद आणि तितकाच खोल घ्यावा. नाशिक शहरात आणि निफाडच्या बाजूला काळी, चिकण माती लागते, तिच्यात पावसाचे पाणी साचून राहते आणि पांढरी मुळे गुदमरतात. अशा ठिकाणी खड्ड्याच्या तळाशी चार-सहा इंच मुरूम किंवा विटांचे तुकडे टाकावेत, मातीत एक तृतीयांश जाड वाळू किंवा बारीक मुरूम मिसळावा आणि पंधरा ते वीस किलो चांगले कुजलेले शेणखत, एक किलो निंबोळी पेंड आणि अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट घालून खड्डा जमिनीच्या वर नऊ इंच उंच भरावा. या उंचवट्याला बागायतदार बोद म्हणतात. वेल बोदावर असली की जुलै-ऑगस्टच्या झडीत बुंध्याशी पाणी थांबत नाही. त्र्यंबक किंवा इगतपुरीकडे जिथे पाऊस फारच अधिक असतो, तिथे घरगुती द्राक्षाचा नाद न केलेला बरा. पानांवरचे रोग आवरता आवरत नाहीत.

कुंडीत वेल लावायची असेल तर शंभर लिटरपेक्षा लहान ड्रम घेऊ नये. जागेचा पर्याय असेल तर जमीनच निवडावी.

कलम, वाण आणि एक घरची चूक

बिनबियांच्या जातींमध्ये थॉमसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन या पांढऱ्या जाती सर्वांच्या परिचयाच्या आहेत. काळ्यांमध्ये शरद सीडलेस आहे. ही किशमिश चोर्नी या जातीतून सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजचे प्रयोगशील बागायतदार नानासाहेब काळे यांनी निवडलेली. लालमध्ये फ्लेम सीडलेस. घरासाठी माझी पहिली पसंती फ्लेम किंवा शरदला आहे. थॉमसन वर्गातल्या जातींच्या काडीवर तळाचे दोन-तीन डोळे बहुधा वांझ असतात, घड वरच्या डोळ्यांत असतो आणि छाटणीत थोडी चूक झाली तरी वर्ष जाते. फ्लेम मात्र चूक बरीच पोटात घालते आणि लवकर तयार होते. रंगीत जातीचा आणखी एक उपयोग असा, की मणी पिकला की नाही हे नवख्या माणसालाही बऱ्यापैकी दिसते. ज्यांना रोगांची कटकट नको आहे आणि बी व जाड साल चालते, त्यांनी बंगळूर ब्लू लावावी. तिचा रस उत्तम होतो.

रोप घेताना ते खुंटावर, म्हणजे दुसऱ्या काटक जातीच्या मुळांवर, कलम केलेले आहे का, हे पाहावे. आपल्याकडे डॉगरिज हा खुंट सर्वाधिक वापरला जातो, कारण तो पाण्याचा ताण, चुनखडी आणि बोअरचे मचूळ पाणी कलम न केलेल्या वेलीपेक्षा चांगले सोसतो. पण या खुंटाचा एक धोका मला स्वतःला फार महागात पडला. एका रोपवाटिकेतून आणलेले माझे पहिले कलम पहिल्याच उन्हाळ्यात वरून वाळले आणि खालून जोमाने फुटले. वेल वाचली म्हणून मला आनंद झाला. तीन वर्षे मी ती वाढवली, मांडव भरला, पण एक घड दिसला नाही. दिंडोरी तालुक्यात तीस वर्षांहून अधिक काळ बाग करणारे माझे मामा एकदा घरी आले, त्यांनी एक पान तोडून उलटे केले आणि म्हणाले, "अगं, ही द्राक्षाची काडीच नाही. तू तीन वर्षं खुंट पोसलास." त्यांनी दाखवले तेव्हा मला फरक दिसला. खुंटाचे पान जाडसर आणि कमी कातरलेले होते, कोवळ्या शेंड्यावर पांढुरकी कोळिष्टकासारखी लव होती. शेजारच्या घरची थॉमसन आणून बाजूला धरली, तर तिचे पान पातळ, तुकतुकीत आणि पाच भागांत कातरलेले होते.

म्हणून लागवड करताना कलमाचा जोड जमिनीच्या वर निदान सहा इंच राहील असे रोप बसवावे, जोडावर माती कधीही चढू देऊ नये आणि जोडाच्या खालून येणारी प्रत्येक फूट बोटाने उपटून काढावी. कात्रीने कापली तर तळाशी राहिलेला डोळा पुन्हा फुटतो. वरचे कलम मेले असेल, तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एखाद्या कलम बांधणाऱ्याकडून त्याच खुंटावर हव्या त्या जातीची काडी पाचर पद्धतीने बसवून घेता येते. मुळे तयार असल्यामुळे अशी वेल झपाट्याने वर येते. माझी आजची वेल त्याच जुन्या खुंटावर उभी आहे.

मांडव आणि पहिले वर्ष

घरी लावायला फेब्रुवारीचा महिना मला सर्वांत सोयीचा वाटतो. नवी फूट कोरड्या उन्हात वाढते, तिच्यावर रोग नसतो आणि पाऊस लागेपर्यंत खोड जून झालेले असते. मांडव सात फूट उंच, लोखंडी पाइप किंवा अँगलचा करावा. त्यावर एक-एक फुटावर जीआय तार (जस्ताचा मुलामा दिलेली) ताणावी. एका वेलीला साठ ते शंभर चौरस फूट मांडव पुरतो. बांबूचा मांडव दोन-तीन वर्षांत कुजतो आणि नेमका घडांच्या वजनाने बसतो.

रोपाच्या फुटींपैकी सर्वांत जोमदार एकच ठेवावी, ती बांबूला सुतळीने सैलसर आठ आकड्यासारखी बांधत सरळ वर न्यावी आणि तिच्या पानांच्या बेचक्यातून येणाऱ्या बगलफुटी काढत राहाव्यात. हेच पुढे खोड होते. शेंडा मांडवाच्या तारेच्या अर्धा फूट खाली आला की खुडावा. तिथून दोन फुटी निघतील, त्या दोन विरुद्ध दिशांना तारेवर वळवाव्यात. यांना ओलांडे म्हणतात. ओलांडा एका दमात लांबवर जाऊ देऊ नये, कारण मग मधले डोळे झोपलेले राहतात आणि ओलांड्यावर कायमची रिकामी जागा पडते. सात-आठ पाने झाली की शेंडा मारावा, टोकाचा डोळा फुटला की ती फूट पुढे न्यावी आणि पुन्हा सात-आठ पानांवर थांबवावी. या थांबण्यामुळे मागचे डोळे फुटतात आणि ओलांड्यावर दर अर्ध्या फुटाला एक काडी मिळते. पहिल्या वर्षी घडाची अपेक्षा करू नये. या फेब्रुवारीत लावलेल्या वेलीची पहिली खरी खरड छाटणी पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये होईल, गोडी छाटणी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आणि द्राक्षे त्यानंतरच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे लागवडीला दोन वर्षे होता होता.

एप्रिल: खरड छाटणी

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात ओलांड्यावरची प्रत्येक काडी तळाशी एक किंवा दोन डोळे ठेवून कापावी. सगळा हिरवा पाला जातो, मांडव उघडा पडतो आणि पहिल्यांदा करणाऱ्याचा हात थरथरतो. तरीही कापावे. कापलेल्या टोकांतून पाणी ठिबकते, त्याने वेलीचे काही बिघडत नाही.

आठ ते बारा दिवसांत डोळे फुटू लागतात आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त फुटी येतात. फुटी पाच-सहा पानांच्या झाल्या की दाटी काढावी. ओलांड्यावर दर अर्ध्या फुटाला एक, मध्यम जाडीची, सरळ फूट राखावी आणि उरलेल्या हाताने मोडाव्यात. अति जाड, हिरवीकंच, लांब पेऱ्यांची फूट दिसायला छान असली तरी तिच्यात घड कमी असतो. राखलेली फूट नऊ पानांची झाली की सात पानांवर शेंडा मारावा. वरचा डोळा फुटून दुसरी फूट येईल, तिला सबकेन म्हणतात. ती पाच-सहा पाने झाली की पुन्हा थांबवावी. थॉमसनसारख्या जातीत सबकेन जिथून निघते त्या गाठीच्या आसपासचे डोळे सर्वांत भरवशाचे घड देतात, म्हणून हा खटाटोप. फ्लेमची काडी सरळ वाढवली तरी चालते.

छाटणीनंतर साधारण चाळिसाव्या ते सत्तराव्या दिवसापर्यंत डोळ्यात घडाची घडण होते. उघड्या डोळ्यांना यातले काही दिसत नाही, पण वर्षाचा निकाल याच महिन्यात लागतो. या काळात तीन गोष्टी पाळाव्या लागतात. काडीच्या तळापर्यंत ऊन पोहोचले पाहिजे. दुपारी मांडवाखाली उभे राहिले की जमिनीवर ठिकठिकाणी उन्हाचे कवडसे दिसले पाहिजेत, गर्द सावली दिसली तर बगलफुटी काढाव्यात. दुसरे, पाणी कमी केले पाहिजे. भरात आलेल्या वेलीला एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी लागत असेल, तर या काळात ते निम्म्यावर आणावे. वेलीचा धावता शेंडा मंदावला की अन्न डोळ्याकडे वळते. तिसरे, युरिया, ताजे शेणखत किंवा जिवामृताचा मारा या काळात बंद ठेवावा. फुटीच्या सुरुवातीला थोडे नत्र, घडणीच्या दिवसांत स्फुरद आणि काडी जून होताना पालाश, असा क्रम धरावा. घरी तो क्रम पाळणे सोपे आहे: पहिल्या महिन्यात मूठभर पेंड, मेच्या मध्यानंतर पाण्यात विरघळणारे ०:५२:३४ हे खत (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाशाचे) आठवड्याला वीस ग्रॅम आणि जुलैपासून ०:०:५० तितकेच.

ज्या घरांत रोज सकाळी तुळशीबरोबर वेलीलाही बादलीभर पाणी पडते आणि स्वयंपाकघरातले सगळे कंपोस्ट तिच्याच बुडाशी जाते, तिथे घड का नाहीत याचे उत्तर वरच्या परिच्छेदात आहे.

पावसाळा आणि बोर्डो मिश्रण

जूनपासून सप्टेंबरपर्यंत वेलीला फळ नसते, त्यामुळे घरचे तिच्याकडे बघत नाहीत आणि याच काळात करपा हा बुरशीरोग काड्या खातो. कोवळ्या शेंड्यावर, देठांवर आणि पानांवर काळपट कडा आणि मध्ये राखाडी रंग असलेले खोलगट ठिपके पडतात, पानाला भोके पडतात, शेंडा वाळतो. केवडा म्हणजे डाउनी मिल्ड्यू पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग देतो आणि त्याच जागी पानाखाली पांढरी कापसासारखी बुरशी दिसते. पान उलटून पाहिल्याशिवाय निदान करू नये. भुरी पानाच्या दोन्ही बाजूंना राखेसारखी पसरते, तिला पाऊस लागत नाही, ढगाळ हवा आणि दाट पाला पुरतो.

करपा आणि केवड्यावर घरी करण्याजोगा सर्वांत भरवशाचा उपाय बोर्डो मिश्रण हाच आहे. फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या मळ्यांत वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडच्या वेलींवर मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना शिंपडत असत. तिथल्याच वेली केवड्यापासून वाचलेल्या पाहून मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने प्रयोग केले आणि १८८५मध्ये हे मिश्रण जगापुढे आणले. दहा लिटर अर्धा टक्का मिश्रणासाठी पन्नास ग्रॅम मोरचूद आणि पन्नास ग्रॅम ताजा कळीचा चुना लागतो. मोरचूद फडक्यात बांधून प्लास्टिकच्या बादलीत पाच लिटर पाण्यात रात्रभर टांगून ठेवावे. दुसऱ्या प्लास्टिकच्या बादलीत चुना थोड्या पाण्याने फुलवून, गार झाल्यावर पाच लिटर करून गाळून घ्यावा. चुना फुलताना उकळतो आणि उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा आणि मुले जवळ नसावीत. मग दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतत काडीने ढवळावे. आकाशासारखे निळे, दुधाळ मिश्रण तयार होते.

आता एक घासलेला लोखंडी खिळा किंवा विळ्याचे पाते त्यात मिनिटभर बुडवून बाहेर काढावे. पात्यावर तांबूस थर चढला, तर तांबे मोकळे आहे आणि फवारल्यास पाने भाजतील. आणखी चुन्याची निवळी घालून पुन्हा पाते बुडवावे, ते स्वच्छ निघेपर्यंत. मी एकदा ही परीक्षा घाईत टाळली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्या कोवळ्या पानांच्या कडा चहाच्या चोथ्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या. मिश्रण त्याच दिवशी वापरावे, दुसऱ्या कोणत्याही औषधात मिसळू नये आणि पानाच्या खालच्या बाजूलाही बसेल असे फवारावे. पावसाची उघडीप मिळेल तशी दहा-पंधरा दिवसांनी फवारणी करावी. जून काडीवर ऑगस्टनंतर एक टक्का, म्हणजे दुप्पट तीव्रतेचे चालते.

भुरीवर मात्र बोर्डोचा फारसा भरवसा धरू नये. तिथे पाण्यात मिसळणारे ८० टक्क्यांचे गंधक लिटरला दोन ग्रॅम वापरावे. तापमान ३५ अंशांवर असताना गंधक फवारल्यास पाने करपतात, म्हणून ते सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर फवारावे.

गोडी छाटणी

बागलाण आणि सटाण्याकडचे काही बागायतदार बाजाराचा भाव साधण्यासाठी पावसाळ्यातच छाटणी घेऊन आगाप, म्हणजे हंगामाआधीची, द्राक्षे आणतात. घरी ती जोखीम पत्करण्याचे कारण नाही. दसऱ्याच्या सुमारास, परतीचा पाऊस ओसरल्यावर छाटावे. आधी छाटले तर घड फुलोऱ्यात असताना पाऊस गाठतो आणि केवडा थेट घडावर येतो. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लांबवले तर थंडीमुळे डोळे मागेपुढे फुटतात.

छाटणीच्या तीन आठवडे आधी बोदाच्या दोन्ही बाजूंना, खोडापासून दीड फूट अंतरावर वीतभर खोल चर घेऊन त्यात पंधरा किलो शेणखत आणि अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट घालावे. चर घेताना थोडी बारीक मुळे तुटतात आणि नवी पांढरी मुळे फुटतात. दोन आठवडे आधी पाणी तोडावे आणि छाटणीच्या आठ-दहा दिवस आधी पाने हाताने काढून टाकावीत, म्हणजे डोळे फुगतात. मग हात काडीवर फिरवावा. पेन्सिलीएवढी जाड, तपकिरी, वाकवल्यावर करकरणारी काडी पक्व असते. हिरवी, चपटी काडी ठेवू नये. सबकेन असेल तर गाठीच्या वर एक डोळा राखून कापावे, सरळ काडी असेल तर थॉमसन वर्गात सात-आठ आणि फ्लेममध्ये चार-पाच डोळे ठेवावेत.

बागेत यानंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते घरी वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. ते त्वचेतून अंगात जाणारे विषारी रसायन आहे, आणि दहा-वीस काड्यांसाठी त्याची गरजही नाही. टोकाचा डोळा आधी फुटतो आणि मागच्यांना दाबून ठेवतो, म्हणून काडी तारेवर कमानीसारखी वाकवून बांधावी. मागचे डोळे दोन-चार दिवस उशिरा का होईना, जागे होतात. छाटणी झाल्यावर खोडाची सुटलेली साल हाताने ओरबाडून काढावी, ती गोळा करून जाळावी आणि खोड व ओलांड्यांवर दहा टक्के बोर्डो पेस्ट लावावी. एका लिटर पाण्याला शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम चुना असे तिचे प्रमाण आहे.

फूट निघताना पहाटे उडद्या भुंगेरे येतात आणि फुगलेले डोळेच कुरतडतात. एक डोळा गेला म्हणजे एक घड गेला. पहाटे ते थंडीने सुस्त असतात, तेव्हा काडीखाली रॉकेल मिसळलेल्या पाण्याचे ताट धरून काडी हलवली की पटापट पडतात. आठवडाभर हे काम नेमाने केले की पुरते.

घड दिसल्यानंतर

पाच-सहा पानांवर घड दिसू लागतात. या टप्प्यावर ढगाळ हवा आणि जास्त पाणी मिळाले, किंवा काडी मुळात अशक्त असली, तर दिसलेला घड हळूहळू लहान होत बाळीत, म्हणजे वेलीच्या तणाव्यात, बदलतो. त्याला घड जिरणे म्हणतात. घड दिसताच वांझ फुटी काढून टाकाव्यात आणि पाणी हात राखून द्यावे. एका फुटीवर एकच घड ठेवावा, आणि एकंदर मांडवाच्या दर दीड चौरस फुटाला एक घड एवढाच हिशेब धरावा. घडाच्या पुढे बारा ते पंधरा पाने राखून शेंडा मारावा. त्याहून कमी पानांवर घड पोसला जात नाही आणि साखर भरत नाही.

छाटणीनंतर साधारण चाळिसाव्या दिवशी फुलोरा येतो, तेव्हा कोणतीही फवारणी करू नये. मणी ज्वारीएवढे झाले की विरळणी करावी, आणि घरच्या द्राक्षाची प्रत याच कामाने ठरते. लहान, बोथट टोकाची कात्री घेऊन घडाच्या खांद्याकडच्या दोन-तीन पाकळ्या (घडाच्या लहान फांद्या) राखाव्यात, मधल्या एकाआड एक काढाव्यात, शेपूट थोडे खुडावे आणि घडात ऐंशी ते शंभर मणी राहतील असे पाहावे. राखलेल्या मण्यांना बोट लावू नये, त्यांच्यावरचा पांढुरका मेणचट थर पुसला जातो. बाजारातले लांबट, टपोरे मणी जिबरेलिक अॅसिडच्या (जीए) द्रावणात घड बुडवून मिळवलेले असतात. विरळणी केलेला पण जीए न लावलेला घरचा थॉमसन मणी लहान राहतो, आणि चवीला तो मला अधिक गोड व दाट वाटतो.

छाटणीनंतर ऐंशी-नव्वद दिवसांनी मण्यात पाणी उतरते, म्हणजे कडक मणी मऊ आणि पारदर्शक होऊ लागतो. त्याच्या थोडे आधी प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून वर स्टेपल करावा. नाशिकला जानेवारीत दिवसा ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी पडली की पांढऱ्या जातीचे मणी गुलाबी होतात. कागदाने तेही टळते आणि उन्हाचा चट्टाही. बुलबुल आणि साळुंक्यांसाठी मात्र मांडवावर जाळी लागतेच. पाणी उतरल्यानंतर वेल कोरडी पडू देऊन एकदम भरपूर पाणी देऊ नये, मणी तडकतात.

पाने आणि खोड काय सांगतात

नव्या पानांची शीर हिरवी आणि मधला भाग पिवळा असेल, तर लोहाची कमतरता आहे. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत ही सर्रास दिसते. फेरस सल्फेट लिटरला दोन ग्रॅम, त्यात लिंबाचा रस पिळून, आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारावे. हेच चित्र जुन्या पानांवर असेल तर मॅग्नेशियम कमी आहे. जुन्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या वाळत असतील, तर बोअरच्या पाण्यातले क्षार साठत आहेत; पावसाळ्यात क्षार धुऊन जातील अशी निचऱ्याची वाट मोकळी ठेवावी आणि शक्य तिथे नळाचे पाणी द्यावे.

खोडावर मुंग्यांची रांग दिसली की वर पिठ्या ढेकूण आहेच, असे समजून शोधावे. सालीखाली आणि घडाच्या देठाशी त्याचे पांढरे पुंजके असतात, आणि त्याच्या गोड चिकट्यावर काळी बुरशी वाढते. मुंग्या त्याला राखतात, म्हणून खोडाला ग्रीस लावलेली प्लास्टिकची पट्टी गुंडाळावी. पुंजके जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढावेत आणि दमट दिवसांत व्हर्टिसिलियम लेकानी ही बुरशी लिटरला पाच ग्रॅम फवारावी. पुंजक्यात एखादा मोठा, लांब मेणचट झालरींचा, भराभर चालणारा पांढरा किडा दिसला, तर त्याला मारू नये. ती क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळी असते आणि ती पिठ्या ढेकूणच खाते.

खोडाच्या तळाशी भुश्शासारखी रवाळ पूड पडलेली दिसली, तर आत खोडकिडा आहे. छिद्र शोधून त्यात लवचीक तार घालून अळी मारावी आणि छिद्र चिखल किंवा बोर्डो पेस्टने बुजवावे.

तोडणी आणि नंतरचे तीन आठवडे

द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, म्हणून घाई करू नये. घडाच्या टोकाकडचे मणी सर्वांत शेवटी गोड होतात; खांद्याचा नव्हे, टोकाचा मणी चाखावा आणि तो गोड लागला तरच घड उतरवावा. सकाळी ऊन चढण्याआधी, देठ धरून कात्रीने तोडावे.

शेवटचा घड निघाल्यावर वेल लगेच छाटू नये. तिने फळांत सगळे ओतलेले असते. पंधरा-वीस दिवस पाने तशीच ठेवून, बेताचे पाणी आणि दोन किलो गांडूळखत द्यावे, म्हणजे पाने खोडात आणि मुळांत अन्न साठवतात. मार्चअखेर पाने पिवळसर होऊ लागली की कात्रीला धार लावून, स्पिरिटने पुसून ठेवावी आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात मांडव पुन्हा उघडा करावा.